निश्चय आणि प्रत्यय

यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावती नदीच्या कांठीं आर्णी नांवाचें तालुक्याचें गांव आहे. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यामुळें तें दूरवर ठाऊक असून तेथील उरुसास हिंदु आणि मुसलमान सारख्याच भावानें जातात. या गांवीं आमचे एक जुने स्नेही राहतात. घरचा कापूस आहे, खाऊनपिऊन सुखी आहेत. मात्र विसाव्या वर्षीं हातीं धरलेली विडी साठीपर्यंत सुटलेली नाहीं. दर उरुसास ते विडीचें बंडल फेकून देतात, आणि आठदहा दिवसांनीं पुन्हां त्याच दुकानापुढें उभे राहतात. मागें एकदां आम्हीं त्यांस विचारलें, “सोडावीशी वाटत नाहीं काय?” ते म्हणाले, “वाटते ना भाऊ, रोज वाटते. पण सुटन असं काही वाटत नाही.”

सोडण्याची इच्छा ही एक गोष्ट, आणि ती आपल्या हातून सुटेल हा प्रत्यय ही दुसरी. तंबाखूचा इतिहास चाळला असतां असें दिसतें कीं, सत्ताधीशांनीं व उपदेशकांनीं पहिलीचाच विचार केला. दुसरीकडे फार उशिरां लक्ष गेलें.

तंबाखू मूळची अमेरिकेंतील. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या मार्फत आली. असद बेग यानें ती विजापुराहून नेऊन १६०४-०५ च्या सुमारास रत्नजडित नळीसह अकबरापुढें ठेविली. बादशहानें दोनचार झुरके घेतले. वैद्यानें हरकत घेतली, आणि बादशहानें तो नाद लावून घेतला नाहीं. सरदारांनीं मात्र तो लागलाच उचलला. तिकडे इंग्लंडांत पहिल्या जेम्स राजानें १६०४ सालींच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली व तिजवर जबर जकात बसविली. १६१७ सालीं जहांगीरानें तंबाखू बंद करण्याचा हुकूम काढला. इराणांत शाह अब्बासानेंही बंदी केली होती; परंतु त्याच्या दरबारीं गेलेला जहांगीराचा वकील खान आलम यास तंबाखूवांचून क्षणभर राहवेना, आणि शेवटीं शाहास त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली. ही हकीकत स्वतः जहांगीरानेंच आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे.

आमच्याच काळांत २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपान करण्यास देशभर बंदी झाली. तिच्यामुळें शेजारच्या माणसाचा श्वास वांचतो, म्हणून ती हवीच. परंतु ओढणाराच्या मनांतील अविश्वास तिनें जात नाहीं. भारत सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणींत ओढणारांपैकीं ५५.४ टक्के लोक सोडण्याचा बेत किंवा विचार करीत होते. मागील बारा महिन्यांत प्रयत्न केलेले ३८.५ टक्केच निघाले.

कायद्यानंतर उपदेश. महात्मा गांधींनीं लहानपणीं काकांनीं टाकलेलीं थोटकें ओढलीं, नोकरांचे पैसे चोरले, आणि पुढें तो नाद कायमचा सोडला, हें त्यांच्या आत्मकथेंत सर्वांनीं वाचलें आहे. आम्हींही ही कथा आमच्या स्नेह्यांस मोठ्या उत्साहानें सांगितली. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, “ते महात्मा होते, भाऊ.” आमच्या दृष्टांतानें त्यांचा धीर वाढला नाहीं, उलट थोडा खचलाच.

याचें कारण आम्हांस पुढें अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाच्या १९७७ मधील विवेचनांत सांपडलें. सापास भिणाऱ्या माणसांस पायरीपायरीनें सापाजवळ नेऊन त्यानें असें दाखविलें कीं, ‘हें मला जमेल’ हा विश्वास सर्वांत अधिक येतो तो स्वतःच्या लहानशा यशानें. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच माणसास जमलेलें पाहून. नुसत्या उपदेशानें फारच थोडा. महात्म्याचें उदाहरण आदर उत्पन्न करतें. धीर शेजाऱ्याच्या उदाहरणानें येतो.

आणखी एक गोष्ट. तंबाखू सोडल्यावर होणारी तळमळ पहिल्या कांहीं दिवसांत सर्वांत तीव्र असते, आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरते, असें वैद्यकशास्त्र सांगतें. म्हणजे आमचे स्नेही दर वर्षीं चढणीचा अवघड भाग चढून जातात, आणि सपाटी जवळ आली असतां परततात. या आठ दिवसांस ते पराभव म्हणत आले, आणि आम्हीही त्यांस तसें म्हणूं दिलें.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आम्हीं स्वतः वीस वर्षें सिगारेट ओढली. तीनदां सोडली, तीनदां धरली. चौथ्या खेपेस ती सुटली. प्राध्यापकपणाच्या संकोचामुळें हें आम्हीं त्यांस कधींच सांगितलें नव्हतें. गांधींची गोष्ट सांगितली, आपली लपविली. गेल्या उरुसास आर्णीस गेलों तेव्हां ती सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, “नवव्या दिवशीं तुम्ही काय केलं, भाऊ?”

चाळीस वर्षांच्या स्नेहांत त्यांनीं हा प्रश्न आम्हांस प्रथमच विचारला. त्याचें उत्तर देण्यांत ती संध्याकाळ गेली.