वसई-सोपाऱ्याचे शब्द : कुठले आणि कुणाचे?

'हा शब्द आला कुठून?' हा प्रश्न तसा साधा. लहान मुलेही तो विचारतात. परंतु मराठी मुसलमानाच्या वाट्याला तो आला की शब्दापुरता राहत नाही. 'तुम्ही मराठी इतके चांगले कसे बोलता?' असे कौतुक आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. ही भाषा मुळात तुमची नव्हे, हे त्या कौतुकात गृहीत धरलेले असते. त्यावर वाद घालण्यापेक्षा आपल्या अवतीभवतीच्या शब्दांचा इतिहास पाहावा. वसई-विरारचा मुलूख त्यासाठी फार सोयीचा आहे.

सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याची भाषा प्राकृत, म्हणजे सामान्यांना समजेल अशी. पुढे दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्-मसूदी या किनाऱ्यावर आला. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, तो सैमूर म्हणजे चौलला होता. राष्ट्रकूटांच्या राजधानीत कीरिया भाषा बोलतात, तर सैमूर, सुबारा आणि ताना या किनाऱ्यावरच्या गावांत लारिया, अशी नोंद त्याने केली आहे. सुबारा म्हणजे आपले सोपारा, ताना म्हणजे ठाणे. घाटावरची बोली वेगळी आणि बंदरावरची वेगळी, हे या परक्या माणसाच्या कानाने हजार वर्षांपूर्वी टिपले होते.

अरबी-फारसी शब्द दरबारातून, तलवारीच्या जोरावर मराठीत आले, असे सरसकट सांगितले जाते. मग वसईच्या कोळीवाड्यात जाऊन पाहावे. होडीचा मालक तो नाखवा. मूळ फारसी नाखुदा. समुद्र म्हणजे दर्या, तोही फारसीच. होडीवर राबणारा खलाशी अरबीतून आलेला. पाचूबंदरातले 'बंदर' फारसी. हे शब्द हिंदू कोळ्याच्या तोंडी आहेत तसे ख्रिस्ती कोळ्याच्याही. ते कोणी हुकूम काढून रुजवले नाहीत. एका पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसांनी ते एकमेकांकडून उचलले.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांहून अधिक काळात या किनाऱ्याशी पोर्तुगीज भाषेचा निकटचा संबंध आला. पाव, बटाटा, चावी, पगार, नाताळ हे त्या भाषेतून मराठीत आलेले शब्द आज घरोघरी आहेत. यात मौजेची गोष्ट 'लिलाव' या शब्दाची. तो पोर्तुगीज 'लैलांव'वरून आला. पण पोर्तुगीजांकडे तो अरबीतून गेला होता. मूळ शब्द 'अल्-इअलाम', म्हणजे जाहीर करणे. स्पेन-पोर्तुगालमध्ये अरबांची सत्ता होती, त्या काळाची ही ठेव. तीच कथा 'मौसिम'ची. या अरबी शब्दाचा फारसीमार्गे 'मोसम' झाला. तोच पोर्तुगीजांकडे जाऊन 'मोन्सांव' झाला आणि इंग्रजांच्या हातून 'मान्सून' होऊन परत आला. आज आपण 'मोसमी वारे'ही म्हणतो आणि 'मान्सून'ही; दोन्ही एकाच मुळाची भावंडे.

आता शुद्धीकरणाच्या प्रयत्नांकडे वळू. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी सुमारे १६७७ मध्ये राज्यव्यवहारकोश रचला. कारभाराच्या अरबी-फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. आपल्या राज्याचा कारभार आपल्या परिचयाच्या शब्दांत व्हावा, या इच्छेत गैर काहीच नव्हते. पेशव्याला 'पंतप्रधान' म्हणावे असे ठरले. तरी लोकांच्या तोंडी 'पेशवा' हा फारसी शब्दच राहिला. वसई जिंकणारे चिमाजी आप्पा इतिहासात पेशव्यांचे बंधू म्हणूनच ओळखले जातात. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. त्यांचे 'महापौर' आणि 'दिनांक' मराठीत पक्के रुजले. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेतही महापौरच असतो. पण नागरिक तिथे नेतो तो 'अर्ज'. सातबाऱ्यावर जिल्हा, तालुका, जिरायत, बागायत आणि इतर हक्क आजही जागेवर आहेत. नवा शब्द आला म्हणून जुन्याला घर सोडावे लागले नाही.

अभ्यासकांनी तर या प्रश्नात धर्माची कुंपणे कधीच ओलांडली. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला. पुढे ते भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, तरी त्यांच्या कोशाचे मोल कमी होत नाही. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या परिणामावर उर्दूत ग्रंथ लिहिला. तो १९३३ मध्ये औरंगाबादेत निघाला. एक फारसीकडे गेला, दुसरा मराठीकडे आला. दोघांनीही शब्दाला त्याचे मूळ विचारले, ते त्याला हाकलण्यासाठी नव्हे.

आपले कर्तव्य याच वाटेवर आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. बाहेरून आलेल्या माणसांच्या गर्दीत वाडवळी, सामवेदी, आगरी, कोळी या बोली आक्रसत आहेत. सोपाऱ्याच्या कोकणी मुस्लिम घरांतली बोलीही त्यात आली. नव्या पिढीला ती गावंढळ वाटते. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मासळीची, भांड्यांची, नात्यांची, लग्नातल्या चालीरीतींची नावे विचारून वहीत लिहून ठेवावीत. मराठी आमची आहे, हे सिद्ध करण्यासाठी भाषणे पुष्कळ झाली. अशा चार वह्या तयार झाल्या, तर तो पुरावा अधिक टिकाऊ ठरेल.