कार्ड तेच, निकाल वेगळा: नियमपुस्तक साधन म्हणून कसं वाचायचं?

संशोधनाच्या तयारीत असाल, तर आज एका खेळाचं नियमपुस्तक वाचून बघू. हसू नका. जुना कायदा किंवा ठराव वाचताना होणारी गफलत इथे अगदी स्वच्छ दिसते.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. त्याचं मूळ तत्त्व सोपं आहे: कार्ड आणि नियम यांच्यात विरोध आला, तर कार्डाचं खरं. पण दोन कार्डंच एकमेकांच्या विरोधात गेली तर?

‘ह्युमिलिटी’ (१९९७) हे कार्ड म्हणतं, सगळ्या क्रीचरांच्या, म्हणजे लढणाऱ्या कार्डांच्या, खास शक्ती गेल्या आणि त्यांचं बळ १/१ झालं. ‘ओपॅलसन्स’ (१९९९) म्हणतं, टेबलावरची इतर बहुतेक एन्चांटमेंट कार्डंही आता क्रीचर. जितकी किंमत तितकं बळ. ह्युमिलिटी स्वतः एन्चांटमेंट आहे. म्हणजे ती क्रीचर झाली आणि तिने स्वतःचीच शक्ती काढून घेतली. मग शक्ती काढणारं उरलं कोण?

आजचे नियम हा गुंता थर पाडून सोडवतात. आधी कार्डाचा प्रकार ठरतो, मग शक्ती, शेवटी बळाचे आकडे. एका थरात लागू झालेला परिणाम, त्याचं मूळ नाहीसं झालं तरी, पुढच्या थरांत चालूच राहतो. आकड्यांवर दोघांचाही दावा असेल, तर टेबलावर नंतर आलेल्याचं चालतं. ह्युमिलिटीची किंमत ४. म्हणून ओपॅलसन्स नंतर आलं असेल तर ती ४/४, नाहीतर १/१. १९९३ च्या पुस्तिकेत असलं थरांचं कोष्टक नव्हतं.

आता दुसरं उदाहरण, कारण खरी मेख इथे आहे. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर ‘स्टॅक’ आला. ताटांची चळत डोळ्यांसमोर आणा: शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. लढाईतला मारही याच चळतीत जायचा. ‘मॉग फॅनॅटिक’ हे १/१ चं साधं कार्ड, त्याचा बळी दिला की १ मार देणारं. खेळाडू त्याचा लढाईतला मार चळतीत ठेवायचे, तो लागू होण्याआधीच बळी द्यायचे आणि दोन्ही मार वसूल करायचे. २००९ मध्ये लढाईतला मार चळतीतून काढला. आता दोन्हीपैकी एकच काय ते मिळतं. छापील कार्डावरचं अक्षरही बदललं नव्हतं!

समजा, २००५ च्या सामन्याची नोंद तुमच्या हाती आली आणि तुम्ही ती आजच्या नियमांनी तपासलीत. खेळाडूने लबाडी केली, असाच निष्कर्ष निघेल. साधन अस्सल, वाचनही बारकाईचं, तरी एका माणसावर खोटा आळ. कुळकायद्यापासून विद्यापीठाच्या अध्यादेशापर्यंत हेच घडू शकतं.

म्हणून नियम हाती आला की तीन गोष्टी विचारा. घटना घडली त्या दिवशी कोणती आवृत्ती लागू होती? हा मजकूर आधीच्या आवृत्तीत कसा होता? आणि तो बदलावा लागला, तर नेमका कोणता पेच पडला होता? आजचा नियम फक्त उत्तर सांगतो. प्रश्न काय होता, हे बहुधा जुन्या आवृत्त्यांतच सापडतं.

या आठवड्यात एवढं करा: तुमच्या विषयातलं एकच कलम घ्या आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या तारखेनुसार एका कागदावर मांडा. प्रस्तावना त्यानंतर लिहायला घ्या.