वळिवड्याची छावणी

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, शहरापासून थोड्याच अंतरावर, वळिवडें नांवाचें स्थानक लागतें. करवीरच्या इतिहासांत हें गांव एखाद्या लढाईमुळें किंवा देवस्थानामुळें गाजलेलें नाहीं. तें गाजलें तें १९४३ सालीं तेथें उतरलेल्या परक्या माणसांमुळें. तीं माणसें पोलंडचीं होतीं, संख्येनें सुमारें पांच हजारांपर्यंत गेलीं, आणि त्यांत बहुतेक भरणा बायकांचा व मुलांचा होता.

हीं मुलें पंचगंगेच्या कांठीं कशीं येऊन पोहोंचलीं, याची हकीकत थोड्या मागच्या काळापासून सांगावी लागते. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनी पोलंडवर पश्चिमेकडून तुटून पडला आणि १७ सप्टेंबरला रशियाच्या फौजा पूर्वेकडून आंत शिरल्या. पूर्व पोलंड रशियाच्या हातीं गेल्यावर तेथील शेतकरी, जंगलखात्याचे नोकर, शिक्षक व माजी सैनिक यांच्या कुटुंबांची उचलबांगडी सुरू झाली. पहिली मोठी धरपकड १० फेब्रुवारी १९४० रोजीं, म्हणजे ऐन थंडींत झाली. हातीं लागेल तें गाठोडें बांधून घ्यावें आणि मालगाडीच्या डब्यांत चढावें, एवढीच मुभा त्या लोकांस होती. पुढें सैबेरिया, कझाकस्तान, उत्तरेकडील लांकूडतोडीच्या वसाहती. कोणाचा बाप तेथें मेला, कोणाची आई उपासानें किंवा तापानें गेली. १९४१ च्या जूनमध्यें हिटलर रशियावर उलटला, तेव्हां कालचे बंदी आजचे मित्र ठरले. ३० जुलै १९४१ च्या करारानें त्यांची सुटका झाली. १९४२ सालीं जनरल आंडर्स यांच्या सैन्यामागोमाग कास्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक पोलिश माणसें इराणांत उतरलीं, आणि त्यांत हजारों मुलें होतीं.

मुलें सुटलीं खरीं. पण त्यांस ठेवावयाचें कोठें? युद्धाच्या धामधुमींत हा प्रश्न प्रत्येक सरकार दुसऱ्याच्या दाराशीं ढकलीत होतें. अशा वेळीं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं आपल्या संस्थानांत मुलांना जागा देऊं केली. त्यांचे चुलते व पूर्वाधिकारी, क्रिकेटचे सुप्रसिद्ध रणजितसिंहजी, यांची पोलंडचे थोर पियानोवादक पादेरेव्स्की यांच्याशीं स्वित्झर्लंडमध्यें ओळख होती. तेव्हां पोलंड हें नांव त्या घराण्यास अगदींच अनोळखी नव्हतें. पहिली दीडशेंहून अधिक मुलें इराणांतील समुद्रमार्गाची वाट न पाहतां अश्काबादेहून लॉऱ्यांतून, डोंगर व वाळवंट तुडवीत, क्वेट्ट्याच्या वाटेनें १९४२ च्या उन्हाळ्यांत मुंबईस आलीं. कांहीं आठवडे त्यांस वांद्र्यास ठेवून त्यांच्या अंगांत थोडें त्राण आणलें गेलें. मुंबईंतील पोलिश कॉन्सलच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांचा या सगळ्या कामांत मोठा वाटा होता. मग तीं जामनगरजवळ बालाचडी येथें समुद्रकांठीं गेलीं.

बालाचडी लहान पडूं लागली आणि इराणांतून येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली, तेव्हां कोल्हापूर संस्थानांत वळिवड्याची मोठी छावणी उभी राहिली. कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगा, प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र बिऱ्हाड, निराधार मुलांसाठीं अनाथगृह, इस्पितळ, प्रार्थनामंदिर, नाटकगृह आणि बालवर्गापासून थेट हायस्कुलापर्यंत शाळा. शाळेंत पोलिश भाषेंत पोलंडचा इतिहास शिकविला जाई. घर हरवलेल्या मुलांच्या हातीं प्रथम पाटी द्यावी, ही त्या शिक्षकांची जिद्द पाहिली म्हणजे पुण्यामुंबईच्या राष्ट्रीय शाळांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मुलें पंचगंगेंत पोहत, बालवीरांचीं पथकें काढीत, दसरादिवाळीचा थाट कुतूहलानें पाहत. भाजीवाले, दूधवाले, शिंपी यांची छावणींत रोजची ये-जा असे व त्या व्यवहारांत दोहों बाजूंस मोडकीतोडकी भाषा येऊं लागली. गोरा मनुष्य म्हणजे साहेब, एवढीच ज्यांची समजूत होती त्या खेडुतांना स्वतःचें धुणें स्वतः धुणारी, बाजारांत घासाघीस करणारी, नवरा रणांगणावर असलेली गोरी बाई येथें प्रथमच दिसली.

तो काळ मात्र उदारपणास अनुकूल नव्हता. १९४२ च्या ऑगस्टमध्यें ‘छोडो भारत’ची हांक उठली होती; शेजारच्या सातारा जिल्ह्यांत प्रतिसरकारचा अंमल चालूं लागला होता; १९४३ मध्यें मुंबईस धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि त्याच वर्षीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. अशा वेळीं परमुलुखांतील गोऱ्या लोकांस येथें कां पोसावें, असें कोणी विचारलें असतें तर त्यास अगदींच अडाणी म्हणतां आलें नसतें. तरी कोल्हापुरकरांच्या व या पाहुण्यांच्या आठवणींत कटुतेपेक्षां ओलावाच अधिक राहिला आहे.

या ओलाव्याचें श्रेय करवीरकरांस द्यावें तितकें थोडें. परंतु इतिहास पाहणाऱ्यानें त्याचीं व्यवहारी कारणेंहि पाहिलीं पाहिजेत. छावणीचा मुख्य खर्च पोलंडच्या लंडनस्थ सरकारच्या नांवावर पडत होता. पाहुण्यांच्या खर्चानें आसपासच्या बाजारांत पैसा खेळत होता. आणि मुख्य म्हणजे, हे लोक लढाई संपतांच परत जाणार, हें सर्वांस ठाऊक होतें. त्यांच्यापैकीं कोणी महाद्वार रोडवर दुकान थाटणार नव्हता कीं दरबारच्या नोकरीसाठीं अर्ज करणार नव्हता.

लढाई संपली, आणि परत जाण्यासारखें घर उरलेलें नाहीं असें त्या मुलांना कळलें. त्यांचा पूर्व पोलंड रशियांत सामील झालेला होता. १९४५ च्या जुलैमध्यें ब्रिटिश सरकारनें लंडनस्थ पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली; छावण्यांचा भार ‘अन्रा’ या मदतसंस्थेकडे व पुढें आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. वॉर्सातील नवें सरकार मुलांना परत मागत होतें. तेव्हां बालाचडीच्या अनाथांसाठीं एक अपूर्व तोड काढण्यांत आली. जामसाहेब, छावणीचे धर्मगुरु फादर प्लूता व ब्रिटिश संपर्क अधिकारी कर्नल क्लार्क या तिघांनीं मिळून त्या मुलांचें पालकत्व कायद्यानें स्वीकारलें. ज्यांना स्वतःचें सरकार उरलें नव्हतें, त्यांना बाप तरी मिळाला, आणि त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांस धाडून देणें अवघड झालें. १९४६ च्या अखेरीस बालाचडीचीं उरलेलीं मुलें वळिवड्यास आलीं. तेथून कोणी इंग्लंडांत, कोणी अमेरिकेंत, कोणी ऑस्ट्रेलियांत, कोणी आफ्रिकेंतील छावण्यांत, तर कांहीं पोलंडांत गेलीं. १९४८ सालीं छावणी रिकामी झाली. कोल्हापुरांत मागें राहिल्या त्या कांहीं कबरी.

बराकी फार दिवस रित्या राहिल्या नाहींत. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचींतील दंग्यानंतर, सिंधमधील हिंदु कुटुंबें आगबोटींनीं व आगगाड्यांनीं मुंबई इलाख्यांत येऊं लागलीं. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत त्यांची सर्वांत मोठी वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. वळिवड्याच्या बराकींतहि सिंधी बिऱ्हाडें आलीं आणि त्या जागेस गांधीनगर म्हणूं लागले.

तींच कौलें, तेच ओटे, आणि पुन्हां घर गमावलेलीं मुलें. यंदां मात्र ओलावा तितका सहज पाझरला नाहीं. पोलिश मुलांस ‘पाहुणे’ म्हणणाऱ्या महाराष्ट्रांत ‘निर्वासित’ हा शब्द हेटाळणीच्या सुरांत उच्चारला जाऊं लागला. भाव पाडतात, धंदा बळकावतात, जागा अडवितात, अशी ओरड व्यापारी पेठांतून झाली. वस्तुतः हे लोक याच देशाचे, याच देशाच्या स्वातंत्र्याची किंमत मोजून आलेले. परक्यांहून ते जवळचे असावयास हवे होते. पण ते राहण्यासाठीं आले होते, आणि तेवढाच काय तो फरक होता. सिंध्यांनीं ‘निर्वासित’ हें नांव नाकारून ‘पुरुषार्थी’ हें नांव घेतलें, त्यांत हा अपमान किती झोंबला होता तें दिसतें. कराचीच्या कॉलेजांतून विस्थापित झालेल्या प्राध्यापकांनीं १९४८ सालींच मुंबईंत जयहिंद कॉलेज काढलें. छावणींतील तरुणांना शिक्षणासाठीं कोणाच्या दयेची वाट पाहत बसावयाचें नव्हतें.

निर्वासित म्हणजे कोण, त्याचे हक्क कोणते, याचा स्वतंत्र कायदा भारतांत पुढेंहि झाला नाहीं; १९५१ च्या जिनीव्हा करारावरहि भारतानें सही केली नाहीं. त्यामुळें येणाऱ्या प्रत्येक नव्या तांड्याचें भवितव्य त्या त्या वेळच्या सरकारच्या धोरणावर आणि शेजाऱ्यांच्या मनःस्थितीवर अवलंबून राहिलें.

पोलिश मुलें म्हातारीं होऊन परत आलीं. १९९८ सालीं त्यांच्या पुढाकारानें कोल्हापुरच्या महावीर उद्यानांत एक स्मृतिस्तंभ उभारला गेला. वॉर्सांतहि जामसाहेबांचें व कोल्हापुरचें स्मारक झालें. गांधीनगर दरम्यान कपड्यांच्या घाऊक व्यापारासाठीं दूरवर प्रसिद्ध झालें. लग्नसराईंत तेथें कर्नाटकापासून कोंकणापर्यंतचें गिऱ्हाईक येतें. २०१९ सालीं छावणींतले कांहीं वृद्ध पुन्हां वळिवड्यास आले, तेव्हां त्यांच्या बालपणाच्या बराकींच्या मुलुखांत कापडाची पेठ नांदत होती.