सुपरमरीन कमर्शियल अँफिबियन

उभयचर प्रवासी विमानाचा एक प्रारंभीचा ब्रिटिश नमुना. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील सुपरमरीन कंपनीने १९२० मध्ये अशा प्रकारचे एकच विमान बांधले. त्याचे उत्पादन मात्र झाले नाही.

उडत्या नौकेचे धडच पाण्यावर तरंगते. तिला चाके बसविली की ती जमिनीवरही उतरू शकते. परंतु चाकांचे वजन उड्डाणात सतत वाहावे लागते, त्यांमुळे हवेचा रोध वाढतो आणि पाण्यावर उतरताना ती खाली राहिल्यास विमान उलटण्याचा धोका असतो. त्यामुळे चाके वर घेण्याची विश्वसनीय व्यवस्था हा अशा विमानाच्या रचनेतील कळीचा प्रश्न होता.

पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) नागरी विमान वाहतुकीस उत्तेजन देण्यासाठी ब्रिटिश हवाई मंत्रालयाने स्पर्धा जाहीर केली. उभयचर विमानांच्या चाचण्या सप्टेंबर १९२० मध्ये मार्टलशॅम हीथ व फेलिक्स्टो येथे झाल्या. सुपरमरीनच्या विमानाचा अभिकल्प रेजिनल्ड जोसेफ मिचेल (१८९५–१९३७) यांनी केला होता. ते द्विपंखी असून त्याचे धड लाकडी होते. त्यास ३५० अश्वशक्तीचे रोल्स-रॉइस ईगल एंजिन बसविले होते. दोन प्रवासी पुढील बंदिस्त कक्षात, तर वैमानिक त्यांच्यामागे उघड्यावर बसे. चाके वर उचलता येत.

स्पर्धेत व्हिकर्स वायकिंग विमानास १०,००० पौंडांचे पहिले बक्षीस मिळाले. सुपरमरीनचे विमान दुसरे आले. मात्र त्याची कामगिरी पाहून मंत्रालयाने ४,००० पौंडांचे बक्षीस दुप्पट केले. त्यानंतर लवकरच अपघातात हे विमान नष्ट झाले. एवढ्या शक्तीच्या एंजिनाचा खर्च दोन प्रवाशांच्या भाड्यातून भरून निघणे कठीण होते; शिवाय युद्धातील शिल्लक विमाने त्या काळी स्वस्तात मिळत होती.

तथापि हा प्रयत्न वाया गेला नाही. मिचेल यांनी याच अभिकल्पाच्या आधारे आरमारी टेहळणीसाठी ‘सील’ हे उभयचर विमान तयार केले (१९२१). त्यातून ‘सीगल’ विमानांची मालिका विकसित झाली. तीतील १९३३ च्या ‘सीगल ५’ चेच पुढे ‘वॉलरस’ असे नामांतर झाले. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) समुद्रात पडलेल्या अनेक वैमानिकांचे प्राण ‘वॉलरस’ विमानांनी वाचविले. प्रवासी वाहतुकीसाठी योजलेला हा नमुना अशा रीतीने आरमारी विमानांच्या एका दीर्घ परंपरेचा आरंभ ठरला.