मागचा तांबडा दिवा

दिवा हा पाहण्यासाठी असतो, अशी आपली साधी समजूत असते. देवघरातली समई, ओसरीवरचा कंदील, टेबलावरची बत्ती ही सारी आपल्याला दिसावे म्हणून लावलेली असतात. परंतु रात्री समुद्रातून जाणाऱ्या गलबताच्या डोलकाठीवरचा कंदील खलाशाला वाट दाखवीत नाही. ‘मी येथे आहे’ एवढेच तो दुसऱ्या गलबताला सांगतो. सायकलीच्या दिव्याला ही दोन्ही कामे करावी लागली आहेत. आणि त्याचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पाहण्याचे काम हळूहळू मागे पडून दिसण्याचे काम पुढे आलेले आढळते. विषय वरवर क्षुल्लक आहे. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. अंधाऱ्या रस्त्यावर बलवान आणि दुर्बल एकत्र आले असता सावधपणाचे ओझे कोणी वाहावयाचे?

हा प्रश्न प्रथम उभा राहिला तो इंग्लंडात, आणि त्याला तेथील हिवाळा बराच कारणीभूत आहे. डिसेंबरात लंडनला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजण्यापूर्वीच मावळतो. कारखान्यात वा कचेरीत जाणाऱ्या माणसाला जाताना अंधार आणि येतानाही अंधार. सायकल ही श्रीमंत तरुणांची मौज होती तोवर याचे फारसे काही वाटले नाही. परंतु १८८५ साली जॉन केंप स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेली रबरी धाव आणली, आणि पुढच्या काही दशकांत सायकल ही कष्टकऱ्याची रोजची सोबतीण झाली.

त्याच १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्थानिक स्वराज्याचा एक मोठा कायदा केला. त्याच्या पंचाऐंशीव्या कलमाने सायकलीला गाडीचा दर्जा दिला आणि त्याबरोबर दोन बंधने घातली. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत सायकलीला पेटता दिवा असलाच पाहिजे, ही पहिली अट. पादचारी, घोडा किंवा गाडी यांना ओलांडून जाण्यापूर्वी घंटा वा शिट्टी वाजवून त्यांना सूचना दिली पाहिजे, ही दुसरी. या दिव्याचा हेतू कायद्याने स्पष्ट सांगितला होता. तो सायकल ज्या दिशेने जात असेल त्या दिशेला दिसावा आणि सायकल येत असल्याची पुरेशी वर्दी त्याने द्यावी. दिवा पुढे होता, मागे नव्हता. म्हणजे त्या काळी रस्त्यावर सायकलवाला हा वेगवान, म्हणूनच भय उत्पन्न करणारा प्राणी मानला जात होता; आणि ज्याच्यापासून भय आहे त्यानेच इतरांना सावध करावे, असा त्या कायद्यामागचा न्याय होता. दिवा आणि घंटा ही बलवानाने दुर्बलाप्रत पाळावयाची कर्तव्ये होती.

हे कर्तव्य पार पाडणे मात्र सोपे नव्हते. उंच चाकाच्या जुन्या सायकलींवर तेलाचा कंदील चाकाच्या आसालाच, आऱ्यांच्या मध्ये टांगीत. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लूकस यांनी १८८० च्या सुमारास असा एक कंदील बाजारात आणून त्याला ‘किंग ऑफ द रोड’, म्हणजे रस्त्याचा राजा, असे भारदस्त नाव दिले. राजाचे तेज मात्र एका खड्ड्याने विझण्याइतके नाजूक होते. पुढे १८९२ साली थॉमस विल्सन यांना अमेरिकेत कॅल्शियम कार्बाइड विपुल प्रमाणात तयार करण्याची रीत सापडली आणि त्या शतकाच्या अखेरीस कार्बाइडचे दिवे सायकलींवर आले. आंबे पिकविण्याच्या कामी आपल्याकडे जे बदनाम झाले, तेच हे कार्बाइड. दिव्याच्या वरच्या कप्प्यातले पाणी थेंबाथेंबाने खालच्या कार्बाइडवर पडे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि त्याची ज्योत लख्ख पांढरी पेटे. पण रोज आतला चुन्याचा राडा खरवडून काढावा लागे, वायूला उग्र दर्प येई, आणि ऐन कडाक्याच्या थंडीत वरच्या कप्प्यातले पाणीच गोठून बसे. त्यानंतर विजेरीवरचे दिवे आले आणि चाकाला घासून चालणारा डायनॅमोही आला. डायनॅमोला तेल नको, विजेरी नको. परंतु त्याचा एक दोष मोठा विलक्षण होता. सायकल थांबली की दिवा मालवे. म्हणजे चौकात, वळणावर, जेथे दिसण्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच स्वार अंधारात बुडून जाई.

दरम्यान रस्त्याचे राज्य बदलले होते. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या भराभर वाढली आणि कालचा वेगवान सायकलवाला आज दुर्बल ठरला. त्याला आता पुढून येणाऱ्या पादचाऱ्याला सावध करावयाचे नव्हते. मागून येणाऱ्या मोटारीपासून स्वतःला वाचवावयाचे होते. मोटारवाल्यांची मागणी सुरू झाली, की प्रत्येक सायकलीच्या मागे तांबडा दिवा सक्तीचा करा. वरकरणी ही मागणी इतकी शहाणपणाची दिसते, की तिला कोणी विरोध केला असेल हेच खरे वाटू नये. परंतु विरोध झाला, आणि तो सायकलवाल्यांच्या सर्वांत जुन्या व प्रतिष्ठित संस्थेने, १८७८ साली स्थापन झालेल्या सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने, वर्षानुवर्षे नेटाने चालविला.

त्यांचे म्हणणे हट्टाचे म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. मोटार हाकणाऱ्याने आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबविता येईल, इतक्याच वेगाने ती हाकावी, हा रस्त्याचा मूळ धर्म आहे. रस्त्यावर पडलेल्या झाडाला तांबडा दिवा नसतो, वाट चुकलेल्या गाईला नसतो, म्हाताऱ्या पादचाऱ्याला नसतो. सायकलवाल्याने दिवा लावावा अशी सक्ती केली, की ज्याला दिवा नाही तो रस्त्यावर नाहीच असे मोटारवाला समजू लागेल. आणि दिवा वाटेत विझला तर चिरडला गेलेला माणूसच गुन्हेगार ठरेल. थोडक्यात, १८८८ च्या कायद्याने ओझे बलवानाच्या खांद्यावर ठेवले होते. हा तांबडा दिवा ते दुर्बलाच्या खांद्यावर सरकवीत होता. १९२७ च्या कायद्याने तडजोड काढली. मागे दिवा नको असेल तर निदान तांबडा परावर्तक, म्हणजे आपण ज्याला रिफ्लेक्टर म्हणतो तो, लावा. १९३४ साली त्यात मागच्या मडगार्डवरील पांढऱ्या पट्ट्याची भर पडली.

या वादाचा निकाल तर्काने लागला नाही, युद्धाने लावला. सप्टेंबर १९३९ मध्ये विमानहल्ल्यांच्या भीतीने सारे ब्रिटन काळोखात बुडविण्यात आले. रस्त्यावरचे दिवे मालवले, मोटारींच्या दिव्यांवर झापडे चढली. त्या एका महिन्यात रस्त्यावरील मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळजवळ दुप्पट झाले. लोकांनी पदपथांच्या कडा, झाडांचे बुंधे, दिव्यांचे खांब पांढऱ्या रंगाने रंगविले. कोठे कोठे गाईंच्या अंगावरही पांढरे पट्टे ओढले. फेब्रुवारी १९४० पासून वस्तीतून रात्री ताशी २० मैलांहून अधिक वेगाने मोटार हाकण्यास बंदी झाली. तरीही १९४१ साली तेथे रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. इतका मोठा आकडा त्या देशाने त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिलेला नाही. अशा काळोखात तत्त्वाचा वाद कोण घालणार? सायकलीमागचा तांबडा दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ च्या स्वतंत्र कायद्याने ती सक्ती शांततेच्या काळातही कायम राहिली. क्लबचा युक्तिवाद खोडला गेला नव्हता. तो केवळ अंधारात हरवला.

यापुढचा इतिहास कपड्यांचा आहे. रॉबर्ट व जोसेफ स्विट्झर या अमेरिकन बंधूंनी १९३० नंतरच्या दशकात चकाकते रंग तयार केले. १९६४ साली ग्लासगोच्या परिसरातील रेल्वे कामगारांना तसे नारिंगी अंगरखे मिळाले. आज पिवळाजर्द अंगरखा घातलेला सायकलस्वार सर्वत्र दिसतो आणि आपण सुरक्षित आहो असे त्याला वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. चकाकता रंग सूर्यप्रकाशातील न दिसणारे किरण शोषून त्यांचे दृश्य उजेडात रूपांतर करतो. म्हणून दिवसा, धुकट सकाळी आणि सांजवेळी तो उठून दिसतो. रात्री सूर्यच नाही, तेव्हा त्याची जादूही नाही. रात्री उपयोगी पडते ती बारीक काचमण्यांची रुपेरी पट्टी. ती मोटारीच्या दिव्याचा उजेड आला त्याच वाटेने परत पाठविते.

ही पट्टी कोठे लावावी, याचेही शास्त्र आहे. १९७३ साली स्वीडनमधील गुन्नार योहान्सन यांनी दाखवून दिले, की अंधारात माणसाच्या केवळ सांध्यांवर ठिपक्यांएवढे उजेड असले, तरी ते हलू लागताच पाहणारा क्षणार्धात ‘हा माणूस’ असे ओळखतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ साली हा विचार सायकलस्वाराला लावून पाहिला. रात्रीच्या चाचणीत काळ्या कपड्यांतला स्वार मोटार हाकणाऱ्यांना शंभरांत दोन वेळा ओळखू आला, नुसत्या चकाकत्या अंगरख्यातला पंधरा वेळा, परावर्तक अंगरख्यातला पन्नास वेळा. आणि त्या अंगरख्याबरोबर घोटे व गुडघे यांवर पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्वद वेळा. स्थिर ठिपका हा खांब असू शकतो, फाटक असू शकते. पण वरखाली होणारे दोन ठिपके म्हणजे पायडल मारणारा जीव असतो. पायडलांवरच्या त्या लहानशा पिवळ्या परावर्तकांचे मोल यावरून ध्यानात यावे. दिव्याचेही तसेच. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ साली काही हजार सायकलस्वारांची पाहणी झाली. ज्यांच्या सायकलीवर दिवसरात्र आपोआप लागणारे दिवे बसविले होते, त्यांना इतरांपेक्षा एकोणीस टक्के कमी अपघात झाले.

आता अंधाराविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कामावर जाण्यायेण्याच्या वेळेचा अंधार हा निम्मा सूर्याचा असतो आणि निम्मा घड्याळाचा. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळ तासभर पुढे ठेवून पाहिले. संध्याकाळी उजेड वाढला, पण स्कॉटलंडच्या उत्तरेला सूर्योदय दहाच्या सुमारास होऊ लागला. शेवटी ३६६ विरुद्ध ८१ मतांनी कॉमन्स सभेने तो प्रयोग मोडीत काढला. आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या रूपाने कायमचा उभा आहे. एकाच प्रमाणवेळेवर चालणाऱ्या या विस्तीर्ण देशात डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दिल्लीचा साडेपाचच्या आत, कोलकात्याचा पाचच्या आत आणि गुवाहाटीचा साडेचारच्या सुमारास. आसामातील चहामळ्यांनी आपले घड्याळ तासभर पुढे ठेवण्याची चाल पूर्वीच पाडली, ती उगाच नव्हे. पूर्वेकडे बदलून गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात सर्वांत चमत्कारिक वाटते ती ही अवेळी येणारी रात्र.

महाराष्ट्रातील मागल्या पिढीला सायकलीची बत्ती आठवते ती पोलिसाच्या संदर्भात. चौकात पोलीस दिसला, की बिनबत्तीचा स्वार चटकन खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागे. बत्ती जिवासाठी असते, दंडासाठी नव्हे, हे आपल्या मनावर कधी नीट ठसलेच नाही. २०२० साली केंद्र सरकारने सायकलींच्या परावर्तकांसंबंधी गुणवत्ता-नियंत्रणाचा आदेश काढला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पहाटेच्या धुक्यातून दूध पोचविणारा, रात्रपाळीची राखण संपवून परतणारा, बांधकामावर निघालेला जो माणूस आज उत्तरेच्या रस्त्यांवर सायकल हाकतो, त्याची सायकल बहुधा जुनी असते आणि तिचा परावर्तक केव्हाच गळून पडलेला असतो.

या माणसाने पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा लावावा, घोट्याला पट्टी बांधावी, हे सांगणे रास्तच आहे. दोन-तीन पट्ट्या काही फार महाग पडत नाहीत, आणि आपल्या घरी वा कचेरीत येणाऱ्या अशा माणसाला त्या देणे आपल्यालाही अवघड नाही. पण तेवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. एके काळी सरकारी कारकूनही सायकलीवर बसून कचेरीला जात असे. आज आपल्यांपैकी बहुतेक जण मोटारीच्या काचेच्या आत बसलेले असतात. ज्याच्या हाती वेग आहे त्याने आधी सावध व्हावे, हा १८८८ च्या कायद्यातील न्याय जुना झालेला नाही. फक्त तो ज्यांना लागू पडतो ती माणसे बदलली आहेत. धुके पडले असता पुढे तांबडा दिवा दिसत नाही, याचा अर्थ पुढे कोणी नाही असा होत नाही. दिसत नाही तेवढ्या अंतरात कोणी तरी आहे असे धरून जो आपला वेग आवरतो, तोच रस्त्याचा खरा राजा.