पेटी किती फ्रेमची?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. कांदा, टोमॅटो, दूध यांच्या गाड्यांमुळे या फाट्याला रात्र अशी नसतेच. मधमाश्यांच्या पेट्याही रात्रीच हलतात, कारण चरायला गेलेली माशी दिवस मावळताना घरी परतते आणि त्यानंतरच पेटीचे दार बंद करता येते. डाळिंबाची बाग किंवा कांद्याचा बीजोत्पादनाचा प्लॉट असलेला शेतकरी परागीभवनासाठी पेट्या भाड्याने आणतो. त्यातला जाणता असतो तो पेट्यांचा आकडा नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, पेटी किती फ्रेमची? म्हणजे आतल्या किती फ्रेम दोन्ही अंगांनी माश्यांनी झाकलेल्या आहेत?

अडीचशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. पोळे आतून छताला आणि भिंतींना चिकटलेले असे. कापल्याशिवाय बाहेर येत नसे आणि कापले की संपले. युरोपात गवताच्या पेंढ्यांच्या टोपल्यांत माश्या पाळत. शरद ऋतूत मधपाळ टोपल्या उचलून वजनाचा अंदाज घेई. सर्वांत जड टोपलीतल्या माश्या गंधकाच्या धुराने मारत, मधासाठी. सर्वांत हलकीतल्याही मारत, कारण ती हिवाळा काढणार नाही हे ठरलेलेच. अशक्त वसाहतीवरचा उपाय तो एवढाच. आपल्याकडे सह्याद्रीच्या कडेला सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत राहायची. तिची पोळी कापून, पिळून मध काढत. तिला सांभाळून वाढवण्याचा प्रश्न नव्हता.

पोळे पुस्तकाच्या पानांसारखे उलगडता येईल अशी पेटी 1789 च्या सुमारास फ्रान्स्वा ह्युबर या स्विस संशोधकाने केली. ह्युबर अंध होता. बर्नेन्स नावाचा त्याचा मदतनीस पाहून सांगे आणि ह्युबर प्रश्न विचारी. निरीक्षणाला ती पेटी उत्तम, पण रोजच्या धंद्याला अवघड. खरी वाट उघडली ती 1851 मध्ये, अमेरिकेत. लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्रीबाबांनी माश्यांची एक खोड हेरली: साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट असेल तर माश्या ती येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट त्या डिंकासारख्या चिकट राळेने लिंपून टाकतात, रुंद असली तर तिथे आणखी पोळे बांधतात. फ्रेमच्या चारी बाजूंना नेमकी तेवढी फट ठेवली की फ्रेम कशाला चिकटत नाही, हाताने वर उचलता येते. 1852 मध्ये त्यांनी पेटंट घेतले. पुढे 1857 मध्ये मेहरिंगने मेणाचा छापील पत्रा आणला आणि 1865 मध्ये ऱ्हुश्काने पोळे न मोडता मध काढणारे यंत्र. या दोन्ही शोधांचे कौतुक जास्त होते, पण माझ्या मते मूळ क्रांती त्या फटीचीच. फ्रेम उचलता आली, म्हणून एका पेटीतली दुसऱ्या पेटीत ठेवता आली.

हिंदुस्थानात ही पेटी जशीच्या तशी चालेना. सातेरी माशी अंगाने लहान, तिची वसाहतही लहान. लँगस्ट्रॉथची दहा फ्रेमची कोठी तिला वाड्याएवढी मोठी. रेव्हरंड न्यूटन यांनी 1911 ते 1917 या काळात तिरुचिरापल्लीच्या बाजूला सात छोट्या फ्रेमची पेटी बनवली आणि लोकांना ती वापरायला शिकवले. वर्ध्यात 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालन आपल्या उद्योगांत घेतले. पोळे न पिळता, पिलावा (अंडी-अळ्या-कोष) न मारता काढलेला मध गांधीवाद्यांना जवळचा वाटणारच. महाराष्ट्रात या कामाचे माहेर महाबळेश्वर. तिथे 1946 पासून सरकारी प्रयत्न सुरू झाले, आणि 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली.

त्याच सुमारास पंजाब कृषी विद्यापीठाच्या डॉ. अटवाल यांनी नगरोटा इथे युरोपीय मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजवली. नव्वदच्या दशकात दक्षिणेत सातेरीच्या वसाहती थाई सॅकब्रूड या विषाणूने भराभर संपल्या आणि मेलिफेराला मोकळे रान मिळाले. आज आळेफाट्याच्या पूर्वेला भाड्याच्या पेट्या दिसतात त्या बहुतेक मेलिफेराच्या. पश्चिमेला माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूला हिरडा-जांभळाच्या झाडीत अजून सातेरीच आपली. पावसाळ्यात तिचे हाल होतात. चार महिने बाहेर पडायला उसंत नसते, साठा सरतो, मेणकिडा पोळ्यांत शिरतो. मग एक दिवस सगळी वसाहत घर सोडून निघून जाते. तिला जूनआधीच साखरेचा पाक देऊन, रिकामी पोळी काढून, कोठी डमी फळीने अरुंद करून ठेवावी लागते.

अशक्त वसाहत आपोआप का सुधारत नाही, हे समजले की पुढचे सगळे उलगडते. अळ्यांना भरवायला तरुण माश्या लागतात आणि पिलाव्याला 34-35 अंश ऊब लागते. माश्याच कमी असल्या की ऊब कमी, म्हणून पिलावा कमी, म्हणून उद्याच्या माश्या आणखी कमी. साखरेचा पाक ओतून हे चक्र तुटत नाही. उलट वास सुटला की शेजारची सशक्त पेटी येऊन लूट करते. म्हणून जोरदार पेटीतली मोहोरबंद पिलाव्याची एक फ्रेम आणून द्यायची. निवडताना फ्रेम उन्हाकडे धरावी. कप्प्यांवरच्या टोप्या सलग, बदामी, किंचित फुगीर असाव्यात. मधूनच खड्डे किंवा खचलेल्या, भोके पडलेल्या टोप्या दिसल्या तर ती फ्रेम जागच्या जागी परत. बंद कप्प्यातल्या पिलाव्याला भरवावे लागत नाही, नुसती ऊब पुरते. आठवडा-दीड आठवड्यात त्यातून तरुण माश्या निघतात आणि दाईपण करू लागतात. फ्रेमवरच्या माश्या ब्रशने झाडून टाकायच्या, आणि राणी त्यांच्यात नाही ना हे दोनदा पाहायचे. एका वेळी एकच फ्रेम द्यावी, कारण दोन दिल्या तर मूठभर माश्यांना त्या ऊबेत ठेवता येत नाहीत आणि पिलावा गारठून मरतो. जुन्नरच्या थंडीत ही चूक फार महाग पडते.

मेलिफेराची अंड्यातून माशी व्हायला 21 दिवस लागतात, त्यानंतर घरकाम करून ती बाहेर चरायला निघेपर्यंत आणखी साधारण तीन आठवडे. म्हणजे जानेवारीअखेर कांद्याचे गोंडे फुलणार असतील तर पेटीची डागडुजी डिसेंबरच्या मध्यालाच हवी. शेतकरी फुले दिसल्यावर पेट्या शोधायला लागतो आणि मधपाळ फुले दिसल्यावर पाक द्यायला लागतो. दोघांचाही उशीर होतो. त्यात कांद्याचा मकरंद माशीला फारसा रुचत नाही, त्यात पोटॅशियम जास्त असते. शेजारी दुसरे काही फुललेले असले की ती तिकडेच जाते. गोंड्यातल्या प्रत्येक फुलाचा पराग आधी पिकतो, स्त्रीकेसर मागाहून. त्यामुळे माशीने एका फुलावरून दुसऱ्यावर जाणे आवश्यकच. अशा पिकात तीन फ्रेमच्या पेट्या ठेवणे म्हणजे केवळ भाडे भरणे.

मग त्या तीन फ्रेमच्या पेट्यांचे करायचे काय? फॅरार नावाच्या अमेरिकी संशोधकाने 1937 मध्ये मोजून दाखवले की 60,000 माश्यांची एक वसाहत 15,000 च्या चार वसाहतींच्या सुमारे दीडपट मध देते. तेव्हा रोग नसेल तर दोन कमजोर पेट्या जोडाव्यात. यासाठी वर्तमानपत्र वापरायची युक्ती डॉ. सी. सी. मिलर यांच्या लेखनाने दूरवर गेली. दोन राण्यांपैकी कमी अंडी घालणारी काढून टाकायची. संध्याकाळी खालच्या पेटीचे झाकण काढून एक कागद पसरायचा, खिळ्याने चारदोन भोके पाडायची आणि वर दुसरी पेटी ठेवायची. माश्या दोन्हीकडून कागद कुरतडतात, तोवर वास एकमेकांत मिसळतो आणि मारामारी टळते. दोन-तीन दिवसांनी दारासमोर कागदाचा भुगा दिसला की जुळले.

हे करायला मधपाळाचा हात जड होतो. अनुदान पेट्यांवर मिळते, भाडे पेट्यांवर ठरते, आणि जोडल्यावर पेटी एकने कमी होते. डाळिंबाच्या बागेत शंभर पेट्या उतरवल्या असे सांगायला बरे वाटते. पण झाकणे उघडून फ्रेम मोजणारा शेतकरी आता आळेफाट्याच्या परिसरात भेटू लागला आहे, आणि त्याला भाड्याचा दर फ्रेमवर हवा असतो.