मोलमपल्लीचे बाबुराव : फिर्यादीच्या कागदांतून

इंग्रजांविरुद्ध उठलेले मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांच्याविषयी आज हाती असलेला जवळजवळ सगळा लेखी मजकूर त्यांच्या विरोधकांच्या दप्तरातून आलेला आहे. मेजर लुसी स्मिथ यांचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याचा 1869 चा जमाबंदी अहवाल आणि त्यानंतरची गॅझेटियरे हा त्याचा मुख्य ऐवज. फिर्यादीचाच कागद वाचून आरोपीचे चरित्र लिहायचे, असे हे काम आहे. त्यात विशेषणे बाजूला ठेवावीत आणि तारखा, गावांची नावे, बक्षिसे यांवर बोट ठेवावे.

डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी भोसले वारसाविना वारले. नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. वर्धा-प्राणहितेच्या पश्चिमेला मात्र निजामाचा मुलूख होता. गोंडांची वस्ती दोन्ही तीरांवर होती, पण नदीच्या अलीकडचे दप्तर चांद्यात आणि पलीकडचे हैदराबादेत. पुढे निजामाविरुद्ध उठलेले जोडेघाटचे गोंड पुढारी कुमराम भीम पलीकडच्या दप्तरातले. बाबुराव अलीकडच्या.

मोलमपल्ली ही अहेरीच्या मोठ्या जमीनदारीखालची लहान जमीनदारी. ही पायरी ध्यानात ठेवली नाही, तर पुढचे प्रकरण उलगडत नाही. मार्च 1858 मध्ये बाबुरावांनी गोंड आणि रोहिले यांची फौज जमवून राजगड परगणा ताब्यात घेतला. अहवाल याला लूट म्हणतो. पण नुसत्या लुटारूला अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव आपली जमीनदारी पणाला लावून येऊन मिळाले असते का? ते मिळाले, हे तोच अहवाल नोंदवतो. 13 मार्चला नांदगाव-घोसरीजवळ सरकारी तुकडीशी गाठ पडली. पुढे सगणापूर आणि बामनपेठ इथेही चकमकी झाल्या.

29 एप्रिलची रात्र मात्र कागदांत तपशिलाने येते. कारण उघड आहे: त्या रात्री गोरे मेले. प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारायंत्राच्या कामावरच्या लोकांचा तळ होता. त्यावर हल्ला होऊन गार्टलंड आणि हॉल मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांच्यापर्यंत पोचला. दोन परक्यांची आडनावे शाबूत राहिली. चकमकींत पडलेल्या गोंडांची नावे नोंदवण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटली नाही.

क्रिक्टनकडे जंगलात शिरण्याइतके बळ नव्हते. त्यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दाब आणला. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी जुलैत भोपाळपट्टणमला बाबुरावांना धरले, पण ते पहाऱ्यातून निसटले. 18 सप्टेंबरला पुन्हा हाती लागले, चांद्याला पाठवले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी तिथे फासावर गेले. फासाचा दोर पुन्हा पुन्हा तुटला, ही कथा तोंडोतोंडी चालत आली आहे. कागद तिला दुजोरा देत नाही, आणि मला त्याची उणीवही जाणवत नाही. दर 21 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाखाली माणसे जमतात, ती अहवाल वाचून येत नाहीत. 2009 च्या 12 मार्चला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, टपाल खात्याने त्यांचे तिकीटही काढले.

लक्ष्मीबाईंना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. चांद्यातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारीच्या मालकिणीला, आपल्याच हाताखालचा तरुण शेजारचे परगणे घेत सुटलेला पाहून काय वाटले असेल? शिवाय इंग्रजांना नकार दिला असता तर अहेरी राहिली असती का? मला हे प्रकरण निव्वळ विश्वासघाताचे वाटत नाही. ते जमीनदारीच्या उतरंडीचेही आहे. इंग्रजांनी ती उतरंड नेमकी ओळखली आणि वापरली.

याचा पुरावा बक्षिसाच्या नोंदीत आहे. व्यंकटराव बस्तरला पळाले होते. एप्रिल 1860 मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून दिले. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, मालमत्ता जप्त झाली. अहेरीला मिळाली ती राजगड परगण्यातली 24 गावे आणि घोटची 67. पहिली बाबुरावांनी ज्यावर चाल केली त्या परगण्यातली, दुसरी व्यंकटरावांच्या जप्त जमीनदारीतली.